दोन ओळींमधील कोरी जागा

इंग्रजीच्या सहवासानें मराठींत जे वाक्प्रचार आले, त्यांतील कांहीं पाहुण्यासारखे आले व पाहुण्यासारखेच निघून गेले. कांहीं मात्र घरांत राहिले आणि हळूहळू घरच्या माणसांवर हुकूम चालवूं लागले. 'रीड बिटवीन द लाइन्स' हा वाक्प्रचार या दुसऱ्या जातीचा आहे. 'ओळींमधलें वाचावें', 'खरा अर्थ दोन ओळींच्या मध्यें आहे', 'कवीनें जें लिहिलें नाहीं तेंच महत्त्वाचें', अशीं वाक्यें आज ग्रंथपरीक्षणांत, व्याख्यानांत व विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत इतक्या सढळपणें भेटतात कीं, खुद्द ओळी वाचण्याचें काम आतां कोणाकडे सोपविलें आहे, असा प्रश्न पडावा.

आमच्या पाहण्यांतलें एक उदाहरण देतों. उद्धव शेळके यांची 'धग' ही १९६० सालची कादंबरी आम्हीं अमरावतीस अनेक वर्षें शिकविली. वऱ्हाडांतील एका गरीब बाईचा, कौतिकचा, संसार लेखकानें तींत मांडला आहे. संवाद वऱ्हाडी बोलींत आहेत आणि नायिकेच्या दुःखावर व्याख्यान देण्याचा मोह लेखकानें आवरला आहे. एका वर्षीं एका हुशार विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत लिहिलें कीं, कौतिक ही वस्तुतः भूमाता असून तिची चूल म्हणजे राष्ट्राचा यज्ञ होय, आणि हें सर्व ओळींमधून स्पष्ट वाचतां येतें. आम्हीं त्याला बोलावून एवढेंच विचारलें, "कौतिकच्या नवऱ्याचें नांव काय?" मुलगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "सर, कादंबरी वाचायची राहिली, गाईड वाचलं."

या मुलास आम्ही दोष देत नाहीं. त्यानें जें केलें तें आम्हां समीक्षक मंडळींकडूनच तो शिकला होता. ओळी वाचावयास वेळ लागतो; ओळींमधील जागा कोरी असते, ती एका दृष्टिक्षेपांत वाचून होते. म्हणून या वाक्प्रचाराचा अर्थ नीट काय, त्याचा उपयोग कोठें करावा व कोठें करूं नये, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

या प्रयोगाची उत्पत्ति सांगतांना बहुतेक जण गुप्तलेखनाकडे बोट दाखवितात. दिसावयास साधें पत्र. पण त्याच्या दोन ओळींमध्यें जी मोकळी जागा, तींत लिंबाच्या रसासारख्या एखाद्या द्रवानें दुसरेंच पत्र लिहावयाचें. कागद दिव्यावर धरला म्हणजे तीं अक्षरें उमटत. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा प्रयोग छापील इंग्रजींत लाक्षणिक अर्थानें दिसूं लागतो. ही उत्पत्ति खरी मानली, तर तींतली एक गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. त्या मधल्या जागेंत खरोखरच कांहीं लिहिलेलें असे, आणि तें पत्र लिहिणाऱ्यानेंच लिहिलेलें असे. वाचणाऱ्याचें काम कागदाला ऊब देण्याचें. स्वतःची शाई तेथें ओतण्याचें नव्हे.

अशा गुप्त लिहिण्याचे नमुने आपल्याकडेहि आहेत. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला, त्याची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांस एका सावकारी पत्रावरून कळली, ही कथा प्रत्येक मराठी घरांत ठाऊक आहे. पत्रांत लढाईचा उल्लेख नव्हता. मोत्यें, मोहरा आणि रुपये-खुर्दा यांच्या नुकसानीचा हिशेब होता. विश्वासराव व सदाशिवरावभाऊ हीं दोन मोत्यें कोणतीं, हें पेशव्यांस सांगावें लागलें नाहीं. आमच्या अमरावती जिल्ह्यांतलें ऋद्धिपूर हें तर महानुभावांचें महास्थान. त्या पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले आणि शतकानुशतकें ते बाहेरच्या वाचकांस बंद राहिले.

परंतु हे दोन्ही प्रकार किल्लीचे आहेत. किल्ली हातीं आली कीं कुलूप उघडतें, आणि आंत जें असेल तें सर्वांस सारखेंच दिसतें. मोतीं म्हणजे भाऊसाहेब हें एकदां कळलें, कीं पुढें त्यांत वाचकाच्या रसिकतेस वाव नाहीं. आज आपण 'ओळींमधलें वाचणें' म्हणतों तें याहून वेगळें. तेथें संकेत आधीं ठरलेला नसतो, शब्द आपापल्या नेहमींच्या अर्थानेंच आलेले असतात, आणि तरीहि त्यांच्या मागें कांहीं तरी उभें असतें. त्याची किल्ली कोणीं दिलेली नसते. म्हणूनच येथें चुकण्याची भीति अधिक, आणि म्हणूनच जबाबदारीहि अधिक.

आतां कोणी म्हणेल कीं, या अर्थाचे शब्द मराठींत नव्हते काय? पुष्कळ होते व आहेत. 'ध्वनि', 'गर्भितार्थ' हे पंडितांचे शब्द झाले. व्यवहारांत बोलण्यांत खोच असते, दस्तऐवजांत मेख असते, सौद्यांत गोम असते. 'कोठें तरी पाणी मुरतें आहे' ही संशयाची भाषा. घरोघरीं तर 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीनें या विद्येची शाळाच चालविली आहे. शब्द लेकीला उद्देशून असतात, अर्थ सुनेच्या घरीं पोंचतो, आणि पोंचला हें दोघींनाहि कळतें. हे सर्व शब्द जवळ मांडून पाहिले म्हणजे एक गंमत लक्षांत येते. 'शहाण्याला शब्दाचा मार' ही एक म्हण सोडली, तर त्यांत मुख्य काम बोलणाऱ्याचें आहे. खोच तो ठेवतो, मेख तो मारतो. ऐकणाऱ्यानें काय करावें, याविषयीं आपली भाषा फारशी बोलत नाहीं. इंग्रजी वाक्प्रचार उलट बाजूनें पाहतो. त्यांत कर्ता वाचक आहे. तेव्हां हा पाहुणा निरुपयोगी आहे, त्यास घालवून द्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें आपल्या भाषेंतली एक रिकामी जागा भरली आहे. मात्र वाचकास कर्ता केल्याबरोबर लिहिणारा नाहींसा होतो कीं काय, याकडे लक्ष ठेवावयास हवें.

ऐकणाऱ्याच्या कामाचा विचार आपल्या भाषेंत थोडा असला, तरी आपल्या शास्त्रांत तो फार सूक्ष्म आहे. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोक' लिहून शब्दांच्या वाच्यार्थापलीकडील अर्थास काव्याच्या आत्म्याचें स्थान दिलें. पुढें मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त त्याची व्यवस्था लाविली. 'सूर्य अस्तास गेला' या एका साध्या वाक्याचे ऐकणाऱ्यागणिक किती अर्थ होतात, हें त्यानें दाखविलें आहे. तेंच उदाहरण आमच्या वऱ्हाडांत आणून पाहूं. कार्तिकाची संध्याकाळ आहे, आणि 'दिवस बुडाला' एवढे दोनच शब्द कानीं पडले. वावरांत कापूस वेचणारी बाई मालकाला हें म्हणाली, तर अर्थ असा कीं, आतां वेचा थांबवा, कापूस मोजून घ्या आणि आम्हांस घरीं जाऊं द्या. सासू सुनेला म्हणाली, तर तुळशीपाशीं अजून दिवा लागला नाहीं. अकोल्याच्या बाजारांत कापसाच्या गाड्यांच्या रांगेत सकाळपासून उभा असलेला शेतकरी शेजारच्या गाडीवाल्याला म्हणाला, तर आजहि माप होत नाहीं, रात्र येथेंच काढावयाची. आणि ज्याचा मुलगा अद्याप शाळेंतून परतला नाहीं तो बाप म्हणाला, तर कंदील घेऊन कोणी तरी वेशीपर्यंत जा.

शब्द दोन, अर्थ चार. पण म्हणून वाटेल तो अर्थ नव्हे. बापाच्या तोंडीं कापसाच्या मापाचा अर्थ बसवितां येणार नाहीं. मम्मटानें व्यंग्यार्थाचीं जीं कारणें मोजलीं आहेत, त्यांवरून वाचकानें स्वतःस विचारावयाचे नऊ प्रश्न निघतात : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा ढंग कसा, वाक्याची रचना कशी, त्याचा सरळ अर्थ काय, जवळ तिसरें कोण उभें आहे, प्रसंग कोणता, स्थळ कोणतें, आणि वेळ कोणती. या नऊ प्रश्नांत 'वाचणाऱ्याच्या मनांत आज काय आहे' हा दहावा प्रश्न नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कोरी जागा कोरी दिसली, तरी तिला वरची व खालची अशा दोन ओळींच्या भिंती असतात. त्या भिंतींच्या आंत जो अर्थ मावेल, तोच तिचा.

या बाबतींत मराठी गद्याच्या आद्य ग्रंथकारानें घालून दिलेला धडा आमच्या मतें अजून शिळा झालेला नाहीं. श्रीचक्रधरांच्या आठवणींचा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऋद्धिपुरास सिद्ध केला. ज्यांनीं ज्यांनीं स्वामींस पाहिलें, त्यांस विचारून त्यांनीं एकेक लीळा गोळा केली. एकाच प्रसंगाची आठवण दोघां भक्तांनीं दोन तऱ्हांनीं सांगितली, असें पुष्कळदां होई. तेथें म्हाइंभट आपल्या पदरची जोड देऊन दोन्हींचा एक गुळगुळीत प्रसंग करीत नाहींत. अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, असा भेद नांवानिशीं टिपून तो तसाच पुढें ठेवण्याची रीत या ग्रंथांत आहे. दोन आठवणींच्या मध्यें जी जागा उरली, ती त्यांना दिसत नव्हती असें नाहीं. ती भरण्याचा अधिकार आपला नाहीं, हें त्यांना कळत होतें. आपण ज्या सालीं, म्हणजे २०२४ मध्यें, मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा आनंद केला, त्याच सुमारास ऋद्धिपुरास मराठी भाषा विद्यापीठाचें कामहि सुरू झालें. तेथील विद्यार्थ्यांस आरंभींच शिकविण्याजोगी गोष्ट कोणती, असें कोणी आम्हांस विचारलें, तर आम्ही म्हाइंभटांचा हा संयम सांगूं.

संयम म्हणजे अर्थ न काढणें, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. जेथें जागा बोलते तेथें तिचें ऐकलेंच पाहिजे. याचें काव्याबाहेरचें एक उदाहरण आमच्याच प्रांताच्या इतिहासांत आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेचा खर्च व थकलेलें देणें हें त्याचें निमित्त. पुढें १९०२ सालीं लॉर्ड कर्झन व निजाम महबूब अली खान यांच्यामध्यें नवा करार झाला. त्यांत एके ठिकाणीं वऱ्हाडावरील निजामाचें सार्वभौमत्व पुन्हां मान्य केलें आहे. आणि दुसरे ठिकाणीं सालिना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यांत तोच प्रांत इंग्रज सरकारास कायमच्या पट्ट्यानें दिला आहे. पुढल्याच वर्षीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला.

या करारांत खोटें असें एकहि वाक्य काढून दाखवितां येणार नाहीं. 'सार्वभौम' हा शब्द खरा, 'पट्टा' हाहि खरा. परंतु पट्ट्यास मुदत असते. मुदत संपली म्हणजे शेत मालकाकडे येतें, हें आमच्या वऱ्हाडांतला कोणताहि शेतकरी सांगेल. ज्या पट्ट्याची मुदत कधींच संपावयाची नाहीं, तो पट्टा म्हणजे खरेदीखतच. फक्त त्यावर तसें लिहिलेलें नाहीं. एका ओळींत मालकी आणि दुसरीत 'कायमचा' हा एक शब्द. त्या दोहोंच्या मध्यें वऱ्हाड गेला. येथें प्रतीकें शोधावीं लागत नाहींत कीं कल्पनेचे पंख लागत नाहींत. एका शब्दापाशीं थांबावें लागतें, एवढेंच. पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनीं १९२३ सालीं वऱ्हाड परत मागितला, तेव्हां त्यांनीं मालकीच्या ओळीवर बोट ठेविलें होतें. व्हाइसरॉयनीं १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध पत्रांत, ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानांत सर्वश्रेष्ठ असून कोणाहि संस्थानिकास तिच्याशीं बरोबरीच्या नात्यानें वाटाघाट करतां येणार नाहीं, असें स्वच्छ कळविलें. जें चोवीस वर्षें ओळींमध्यें होतें, तें त्या दिवशीं ओळींत आलें. योगायोग असा कीं, या व्हाइसरॉयांचें नांव लॉर्ड रेडिंग. इंग्रजींत हें नांव आणि 'वाचन' या अर्थाचा शब्द एकाच अक्षरांनीं लिहितात. त्यानंतर १९३६ सालीं निजामाच्या युवराजांस 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. पदवी मिळाली, प्रांत मिळाला नाहीं. हेंहि दोन ओळींमध्येंच वाचावयाचें.

येथवर आम्हीं जें लिहिलें, तें पंडिताच्या थाटानें लिहिलें. आतां एक कबुली द्यावयाची आहे. कारण या विषयाकडे आमचें लक्ष लागलें तें ग्रंथांमुळें नव्हे.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही नुकतेच अध्यापकाच्या नोकरीस लागलों होतों आणि अमरावतीस एका खोलींत राहत होतों. आमची थोरली बहीण अकोल्यापलीकडे एका खेड्यांत दिलेली. आई-वडिलांमागें आमची चौकशी करणारें तेंच एक माणूस. दर महिन्यास तिचें आंतर्देशीय पत्र येई. 'चिरंजीव भाऊस अनेक आशीर्वाद' अशी सुरुवात. मग पऱ्हाटी कशी आहे, गाय व्याली कीं नाहीं, मुलें काय करतात, असा मजकूर घडीच्या कांठापर्यंत दाटीनें भरलेला. आणि शेवटीं 'कळावें, हे आशीर्वाद'. त्या वर्षीं श्रावणापासून पत्रें आंखूड झालीं. अर्धें पान भरे, बाकी कोरें. 'येथील सर्व खुशाल. पाऊस बरा आहे. तूं प्रकृतीस जप.' आणि शेवटीं, पूर्वीं कधीं नसे तो एक शब्दप्रयोग : 'बाकी भेटीअंतीं.' अशीं तीन पत्रें आलीं. तिन्ही पत्रांच्या शेवटीं 'बाकी भेटीअंतीं'.

आम्हीं तीं वाचलीं आणि पेटींत ठेविलीं. जुन्या पत्रलेखनांतला हा ठराविक मायना आहे, असें म्हणून सोडून दिलें. पोळ्यास गेलों नाहीं, दसऱ्यास गेलों नाहीं. कारण त्या दिवसांत आम्ही एका परिसंवादासाठीं ध्वनिसिद्धांतावर निबंध लिहीत होतों. वर्गांत मम्मटाचे ते नऊ प्रश्न फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेत होतों. दिवाळीस बडनेऱ्याहून गाडी धरून गेलों, तेव्हां दारांत जी बाई उभी होती तिला आम्हीं क्षणभर ओळखलें नाहीं. श्रावणापासून तिला खोकला व ताप होता. भाऊबीज झाल्यावर तिला अकोल्यास नेलें, छातीचा फोटो काढला, क्षय निघाला. औषध लागू पडलें, ती बरी झाली, पण एक फुफ्फुस कायमचें अधू राहिलें. चार महिने आधीं आली असती तर एवढें झालें नसतें, असें डॉक्टर म्हणाले. आम्ही तिच्यावर रागावलों. "एवढं झालं आणि तू एक शब्द लिहिला नाहीस?" ती शांतपणें म्हणाली, "लिवलं होतं ना भाऊ. बाकी भेटीअंती, असं लिवलं होतं. तूच नाही आला."

त्या घरची रीत अशी होती कीं, घरांतून जाणारें पत्र सासऱ्यांच्या हातूनच टपालांत पडे, आणि पडण्यापूर्वीं तें वाचलें जाई. सासरे दुष्ट नव्हते. त्यांस त्यांत कांहीं वावगें वाटत नव्हतें. शिवाय सासरचें उणें माहेरीं कळवूं नये, ही शिकवण तिला आमच्याच आईनें दिलेली. त्या वर्षीं कापूस हातीं यावयाचा होता, घरांत पैसा नव्हता, आणि आपल्या दुखण्याचा बोभाटा नको असें तिला वाटत होतें. एवढ्या सगळ्यांतून वाट काढून तिनें जेवढें लिहितां आलें तेवढें लिहिलें होतें. मम्मटाच्या यादींतला सहावा प्रश्न आठवावा : जवळ तिसरें कोण उभें आहे? तो प्रश्न आम्ही दर वर्षीं शिकवीत होतों. तो शास्त्रांतला प्रश्न आहे अशीच आमची समजूत होती. आपल्या पेटींतल्या पत्रास तो विचारावयाचा असतो, हें आम्हांस सुचलें नाहीं.

त्या पत्रांत कांहीं गूढ नव्हतें. जुनीं पत्रें शेजारीं ठेवून पाहिलीं असतीं, तर पुरे होतें. भरलेलें पान अर्धें झालें, सवयीचा शेवट बदलला, तोच नवा शेवट तीन वेळां आला. एवढ्या तीन गोष्टी ओळींतच होत्या. ओळींमधलें वाचतां आलें नाहीं असें आम्ही म्हणतों, पण खरें पाहतां आम्हीं ओळीच नीट वाचल्या नव्हत्या.

दुसरी बाजूहि प्रामाणिकपणें सांगावयास हवी. या प्रकारानंतर दोन-तीन वर्षें आम्हांस तिच्या प्रत्येक पत्रांत संकट दिसूं लागलें. एकदां पत्र नेहमींपेक्षां चार दिवस उशिरां आलें आणि अक्षर तिरपें दिसलें, एवढ्यावरून रात्रीच्या मोटारीनें आम्ही तिच्या गांवीं जाऊन थडकलों. ती अंगणांत शेजारणींबरोबर शेवया करीत बसली होती. पत्र धाकट्या मुलीकडून लिहवून घेतलें होतें, म्हणून अक्षर तिरपें, एवढाच अर्थ. पहिल्या वेळीं आम्हीं तिचें लिहिलेलें वाचलें नाहीं; दुसऱ्या वेळीं स्वतःची भीति वाचली. दोन्ही चुका एकाच जातीच्या. दोन्हींत ती बाजूस राहिली आणि आम्हीच पुढें आलों.

तथापि व्यवहारांत दुसऱ्या चुकीची भरपाई एका गाडीभाड्यानें होते; पहिलीची होत नाहीं. म्हणून माणसांच्या बाबतींत शंका आली, तर जाऊन विचारावें, हें बरें. 'बाकी भेटीअंतीं' या दोन शब्दांतच त्याची रीत सांगितलेली आहे : जें लिहिलें नाहीं त्याचा अर्थ भेटीनंतर कळावयाचा, अंदाजानें नव्हे. ग्रंथांचेंहि असेंच आहे. ग्रंथकार भेटत नाहीं, पण ग्रंथ भेटतो. ओळींमध्यें कांहीं आहे असें वाटलें, कीं पुस्तक मिटून प्रतीकांच्या मागें लागण्याऐवजीं तेंच पान पुन्हां उघडावें, मागलें-पुढलें ताडून पाहावें, आणि आपला अर्थ त्या भिंतींत मावतो कीं नाहीं तें ठरवावें. मावला तर तो ग्रंथकाराचा; न मावला तर तो आपला, आणि त्यावर आपलें नांव घालून तो वेगळा छापावा. ज्या मुलानें कौतिकची भूमाता केली, त्यास आम्हीं शिक्षा म्हणून 'धग' वाचावयास सांगितली. पंधरा दिवसांनीं तो आला. भूमातेविषयीं कांहीं बोलला नाहीं. "सर, माझी आजी अशीच बोलायची," एवढेंच म्हणाला, आणि बराच वेळ खुर्चीवर बसून राहिला. त्या दिवशीं तो प्रथमच वाचून आला, असें आम्हीं समजलों.

आंतर्देशीय पत्रें आतां घरोघरीं येईनाशीं झालीं. आमची बहीण दर रविवारीं सकाळीं अकोल्याहून फोन करते. तिची नात तिच्या वतीनें मधून मधून संदेशहि पाठविते. त्यांत बहुधा 'सर्व ठीक' असे दोनच शब्द असतात. ओळ एकच असल्यामुळें मधली जागा शोधावयाची तरी कोठें, असा प्रश्न पडतो. मग आम्ही उलट फोन लावतों, पऱ्हाटी कशी आहे तें विचारतों, औषध संपलें काय तें विचारतों, आणि तिचा खोकला ऐकूं येतो कीं काय याकडे कान देतों. ती हंसून म्हणते, "भाऊ, तू अजून परीक्षाच घेऊन राहिला का?" तीं तीन पत्रें आम्हीं 'काव्यप्रकाशा'च्या प्रतींत, तिसऱ्या उल्लासाच्या पानांशीं ठेविलीं आहेत. दर वर्षीं तो भाग शिकवावयाचा दिवस आला म्हणजे प्रत उघडतांना तीं आधीं हातीं येतात.